ब्रँड दुसऱ्याला वापरायला देताना करारात ‘ट्रेडमार्क’ची व्याख्या कशी लिहायची?

हळदीचा_बाजार (सांगली)

आमची भागीदारी फर्म मसाले आणि लोणची बनवते. ब्रँडचं नाव वर्डमार्क (नुसत्या शब्दाचं चिन्ह) म्हणून वर्ग ३० मध्ये नोंदलेलं आहे, मालक म्हणून फर्म. लोगोचा अर्ज वेगळा आहे, त्याचं ऑनलाइन स्टेटस ‘ऑब्जेक्टेड’ दिसतंय. लोणच्यासाठी अर्जच केलेला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच भागीदारांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, आता बिलं सगळी कंपनीच्या नावाने निघतात.

इंदूरच्या एका उत्पादकाला मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी आमच्या नावाने माल बनवून विकायची परवानगी द्यायची आहे. मुदत पाच वर्षं, निव्वळ विक्रीवर ३ टक्के रॉयल्टी. त्यांच्याकडून आलेल्या मसुद्यात ट्रेडमार्कबद्दल एवढंच आहे: “ट्रेडमार्क म्हणजे परवानादात्याच्या मालकीची सर्व नावे, लोगो, चिन्हे व ब्रँड.” सही कंपनीच्या संचालकाची धरली आहे.

ही व्याख्या चालेल का? नाव आमच्याच हातात राहावं म्हणून आणखी काय लिहून घ्यावं? आणि करार संपल्यावरही ते नाव वापरत राहिले तर काय?

परिशिष्ट_अ

व्याख्येच्या आधी सहीचं बघा. रजिस्टरवर मालक फर्म आहे आणि परवानगी देतेय कंपनी. भागीदार आणि संचालक तीच माणसं असली तरी कायद्यासाठी ती फर्म वेगळी आणि ही कंपनी वेगळी. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम २(१)(आर) मध्ये ‘परमिटेड यूज’ची जी व्याख्या आहे, तिला नोंदणीकृत मालकाची लेखी करारातली संमती लागते. कंपनीच्या सहीने ती येत नाही. त्याहून गंभीर म्हणजे गेली दोन वर्षं तुमची स्वतःची कंपनीच लेखी परवानगीशिवाय नाव वापरतेय. उद्या कोणी कलम ४७ खाली ‘मालकाने पाच वर्षांत चिन्ह वापरलं नाही, नोंदणी काढा’ असा अर्ज केला, तर कंपनीचा वापर फर्मच्या खात्यात धरण्यासाठी तुम्हाला वाद घालत बसावं लागेल. लेखी करार असता तर कलम ४८(२) खाली तो वापर मालकाचाच समजला गेला असता.

दोन वाटा आहेत. एक, फर्मने चिन्ह कंपनीला असाइन करायचं, म्हणजे मालकी लेखी तिच्या नावे करायची, आणि टीएम-पी अर्जाने ते रजिस्टरवर चढवायचं, मग कंपनीने इंदूरशी करार करायचा. दोन, फर्मने कंपनीला आजच्या तारखेचा लायसन्स करार द्यायचा, त्यात पूर्वीपासून संमती होती हे नमूद करायचं, आणि इंदूरच्या करारावर फर्मने थेट सही करायची. मागची तारीख टाकून कागद बनवू नका. फर्मकडून कंपनीला आणि कंपनीकडून इंदूरला अशी सबलायसन्सची (परवानाधारकाने पुढे दिलेल्या परवान्याची) शिडीही नको, कारण ‘नोंदणीकृत मालकाची संमती’ हा शब्दप्रयोग तिथेच अडचणीत आणतो. मी पहिली वाट घेईन. असाइनमेंटवरचं मुद्रांक शुल्क वेगळं आणि सहसा जास्त पडतं, तो हिशोब आधी काढून घ्या.

आता व्याख्या. ‘सर्व नावे, लोगो, चिन्हे’ हे ऐकायला भरभक्कम वाटतं, पण नुकसान तुमचंच आहे. त्याच व्याख्येवर परवानगीचं कलम उभं राहतं, म्हणजे तुम्ही पुढच्या वर्षी काढणार असलेला नवीन ब्रँडसुद्धा पाच वर्षांसाठी इंदूरला देऊन मोकळे होता. करारात दोन वेगळ्या व्याख्या ठेवा. परवानगी द्यायची ती अरुंद, मनाई करायची ती रुंद.

अरुंद व्याख्या साधारण अशी: “‘चिन्हे’ म्हणजे परिशिष्ट अ मध्ये क्रमांक, वर्ग, माल व स्थितीसह दिलेली चिन्हे आणि फक्त तीच. परवानादात्याने सही केलेल्या पुरवणी परिशिष्टाशिवाय त्यांत भर पडणार नाही. परिशिष्टात नसलेले कोणतेही नाव, चिन्ह वा वेष्टन वापरण्याचा अधिकार या कराराने मिळत नाही.”

परिशिष्टाचे दोन भाग करा. पहिल्यात नोंदलेला वर्डमार्क: नोंदणी क्रमांक, अर्जाची तारीख, वर्ग, प्रमाणपत्रावर छापलेली मालाची यादी जशीच्या तशी, नूतनीकरणाची तारीख. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालते. ती करार चालू असतानाच संपत असेल तर टीएम-आर (नूतनीकरणाचा अर्ज) भरायची जबाबदारी कोणाची हेही लिहा. ती तुमचीच ठेवा, परवानाधारकावर कधीच टाकू नका. दुसऱ्या भागात प्रलंबित लोगो: अर्ज क्रमांक आणि ‘नोंदणी झालेली नाही’ असा स्पष्ट उल्लेख. नोंदणी होईपर्यंत लोगोसाठी कलम २७ मुळे उल्लंघनाचा दावा लावता येत नाही, फक्त पासिंग ऑफचा, म्हणजे ‘आपला माल आमचा म्हणून खपवतो’ असा दावा करता येतो. त्यामुळे लोगो ‘नोंदणीकृत’ आहे अशी हमी चुकूनही देऊ नका, त्याच हमीवर बोट ठेवून समोरचा रॉयल्टी अडवू शकतो. ‘ऑब्जेक्टेड’ म्हणजे परीक्षकाची हरकत. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. ते उत्तर गेलंय का, आजच बघा. ‘अपोज्ड’ ही वेगळी गोष्ट आहे. ती जर्नलमध्ये छापल्यानंतरच्या चार महिन्यांत तिसऱ्याने घेतलेली हरकत.

रुंद व्याख्या मनाईच्या कलमांसाठी: “‘संरक्षित ओळख’ म्हणजे चिन्हे, तसेच कोणत्याही लिपीत वा भाषेत त्यांच्याशी उच्चाराने, दिसण्याने किंवा अर्थाने फसवे साम्य असलेले नाव, रंगसंगती, पाऊच वा बरणीची मांडणी, डोमेन, सोशल मीडियावरील खाते व कंपनीचे नाव.” हे कायद्याला धरूनच आहे. ‘मार्क’च्या व्याख्येत वेष्टन, मालाचा आकार आणि रंगांचा मेळ येतो, आणि कलम २९(९) प्रमाणे नुसत्या बोलण्यातूनही उल्लंघन होतं. इंदुरात रेडिओवर जाहिरात वाजणार असेल तर हे कामाचं आहे.

एक बारीक पण महत्त्वाचं. लोगो रंगाची मर्यादा न घालता, म्हणजे काळ्या-पांढऱ्यात दिला असेल तर कलम १० प्रमाणे तो सगळ्या रंगांसाठी धरला जातो. रंगीत दिला असेल तर परिशिष्टात तोच रंगीत नमुना चिकटवा आणि रंगांचे पँटोन (छपाईच्या प्रमाणित रंगछटांचे) क्रमांक लिहा. आणि लोगो बाहेरच्या डिझायनरने काढला असेल तर त्या चित्राचा कॉपीराइट लेखी असाइन करून घेतलाय का? नसेल तर तो बहुतेक त्याच्याकडेच आहे. घेतला असेल पण मुदत लिहिली नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(५) प्रमाणे पाच वर्षंच धरली जातात. मुदत आणि जागतिक क्षेत्र दोन्ही लिहून नवीन कागद करून घ्या.

वर्ग_२९_३०

लोणच्याचं कोणी बोललं नाही म्हणून. लोणचं वर्ग २९, मसाला वर्ग ३०. तुमची नोंदणी फक्त ३० मध्ये आहे. इंदूरवाल्याने लोणच्याच्या बरणीवर वर्तुळातला आर (नोंदणीकृत चिन्हाची खूण) छापला तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली तो प्रकार अंगाशी येतो, कारण ज्या मालासाठी नोंदणी नाही त्यासाठी नोंदणी असल्याचं दाखवणं त्या कलमात स्पष्ट आहे. बरणीवर टीएम चालेल. वर्ग २९ चा टीएम-ए (नवीन नोंदणीचा) अर्ज करार व्हायच्या आधी टाका. ऑनलाइन फी एका वर्गाला ९,००० रुपये, व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ४,५००. करारात ‘मसाले व खाद्यपदार्थ’ असं मोघम लिहू नका, उत्पादनांची नावं टाका. पुढे चिवडा काढलात तर पोह्यांचा ३० मध्ये जातो आणि बटाट्याचा २९ मध्ये, इतकं ते बारीक आहे.

लेबलचाही संबंध इथे येतो. एफएसएसएआयच्या (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) लेबलिंग नियमांप्रमाणे ब्रँडमालकाचं नाव, पत्ता आणि १४ अंकी परवाना क्रमांक छापावा लागतो, बनवणारा वेगळा असेल तर त्याचाही क्रमांक. लेबलवर ब्रँडमालक कंपनी आणि ट्रेडमार्क रजिस्टरवर फर्म, अशी तफावत प्रतिपक्षाच्या वकिलाला पहिल्याच दिवशी सापडते.

पॅकिंग_लाइन (चाकण)

कागदावर सगळं नीट असून चिन्ह हातातून जातं ते पॅकिंग मटेरियलमधून. तिकडे वळतो.

ग्रॅव्ह्युअर छपाईचे सिलिंडर कोणाच्या मालकीचे? बहुतेक ठिकाणी परवानाधारक पैसे देतो, सिलिंडर प्रिंटरकडे पडून असतात, आणि करार संपला तरी प्रिंटर फोनवर ऑर्डर घेऊन रोल छापून देतो. म्हणून सिलिंडर परवानादात्याच्या मालकीचे ठेवा, खर्च हवा तर रॉयल्टीत वळता करा. प्रिंटरकडून तुमच्या नावाने पत्र घ्या की परवानादात्याच्या लेखी होकाराशिवाय एक मीटरही छापणार नाही आणि मागितल्यावर सिलिंडर परत देईल किंवा तुमच्यासमोर खरवडेल. हे पत्र कराराला जोडा.

दर महिन्याला लॅमिनेट (पाऊच बनवायची छापील फिल्म) रोलचा ताळा मागा. रॉयल्टी तपासायला विक्रीच्या आकड्यांपेक्षा हा आकडा जास्त खरा निघतो. १०० ग्रॅमच्या एका पाऊचला ४ ग्रॅम लॅमिनेट लागत असेल तर १०० किलोच्या रोलमधून २५,००० पाऊच निघतात. मशीन लावताना आणि जोडावर ३ टक्के वाया धरले तर २४,२५०. त्यांनी २१,००० पाऊचची विक्री दाखवली आणि शिल्लक शून्य, तर उरलेले ३,२५० पाऊच कुठे भरले गेले हा प्रश्न लगेच विचारता येतो. खराब रोलची विल्हेवाट तुकडे करून, फोटोसकट. भंगारवाल्याला अख्खा रोल विकायला मनाई लिहा. तोच रोल पुढे नकली मालावर दिसतो.

दर्जाचं कलम ‘उत्तम दर्जा राखावा’ असं लिहून काही उपयोग नाही. प्रत्येक उत्पादनाची एकपानी स्पेसिफिकेशन शीट जोडा: ओलावा कमाल किती, आम्लात न विरघळणारी राख कमाल किती, जाळीचा मेश, मिरचीचा रंग किती आस्टा (रंगाची तीव्रता मोजायचं एकक), मिठाचं प्रमाण. आकडे एफएसएसएआयच्या मर्यादेपेक्षा कडक ठेवा, कारण तुम्ही तुमच्या चवीचं नाव देताय, नुसता कायद्यात बसणारा माल नाही. पहिल्या तीन बॅच तुमच्या मंजुरीशिवाय बाजारात नाहीत. नंतर दर तिमाहीला एक बॅच एनएबीएल (अधिकृत मान्यता असलेल्या) लॅबमध्ये. प्रत्येक बॅचचे दोन पाऊच एक्स्पायरीनंतर तीन महिन्यांपर्यंत राखीव. वर्षातून दोनदा तपासणीचा हक्क, त्यातली एक भेट न कळवता.

आणि हे खरंच करा. भेटीचा अहवाल, लॅबचे रिपोर्ट, नापास बॅचबद्दलचे ईमेल, सगळं फाइलला लावा. पाच वर्षांत एकही तपासणी झालेली नसेल तर दर्जाचं कलम असून नसल्यासारखं, आणि ‘मालकाचा मालाशी संबंधच उरला नाही’ हा मुद्दा तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

हळदीचा_बाजार (सांगली)

सगळ्यांचे आभार. लोगोच्या हरकतीला उत्तर गेलंय, पोहोच मिळाली. डिझायनरशी असाइनमेंट झालेली नाही, ते करतो. आणखी दोन गोष्टी. इंदूरवाले म्हणतात की त्यांना ‘रजिस्टर्ड युझर’ म्हणून नोंदवा. करावं का? आणि न्यू जर्सीतले एक मराठी दुकानदार तिकडे आमचा माल विकायचा म्हणतात, त्यांनाही हाच करार देता येईल?

परिशिष्ट_अ

नोंदवून टाका. टीएम-यू अर्ज दोघांनी मिळून करायचा, कराराच्या तारखेपासून सहा महिन्यांत. सोबत कराराची प्रत आणि मालकाचं प्रतिज्ञापत्र: दोघांचं नातं काय, नियंत्रण किती, कोणत्या मालासाठी, कोणत्या अटींवर, किती काळ, एकमेव वापरकर्ता आहे का. रजिस्टरवर नाव चढलं की वापराबद्दल वादच उरत नाही.

मध्यस्थ_ठाणे

इथे माझं मत वेगळं आहे. १९९९ च्या कायद्यापासून नोंदणी नसली तरी लेखी कराराखालचा वापर ‘परमिटेड यूज’ म्हणून मालकाचाच धरला जातो, तेवढ्यासाठी टीएम-यूची गरज नाही. त्याच्या आधी, जुन्या कायद्याखालीही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला निकालात मान्य केलं होतं की नोंद न केलेला लायसन्सही चालतो, मात्र लोकांची फसगत होता कामा नये, चिन्हाचं वेगळेपण टिकलं पाहिजे आणि मालक व माल यांच्यातला व्यापारी संबंध चालू राहिला पाहिजे. वर चाकणकरांनी दर्जाबद्दल जे लिहिलंय, ते या तिसऱ्या अटीसाठीच आहे.

नोंदणीने मिळतं काय, तर परवानाधारकाला कलम ५२ खाली स्वतःच्या नावाने उल्लंघनाचा दावा लावता येतो, आणि त्यात तुम्हाला प्रतिवादी करता येतं. नोंद नसेल तर कलम ५३ प्रमाणे त्याला तो हक्कच नाही. इंदूरवाले नोंदणी मागतायत ती बहुधा यासाठीच. रायपूरच्या एखाद्या छोट्या दुकानदारावर त्यांनी घाईत दावा ठोकला आणि त्याने उलट तुमच्या नोंदणीलाच आव्हान दिलं, तर निस्तरायचं तुम्हालाच. शिवाय नोंद झाली की कलम ५०(१)(डी) खाली दर्जाच्या अटी पाळल्या जात नाहीत या कारणावर कोणीही परवानाधारकाची ती नोंद रद्द करायचा अर्ज करू शकतो. पाच वर्षांच्या दोन राज्यांच्या करारासाठी मी नोंदवणार नाही. नोंदवायचंच असेल तर कलम ५२ ‘कराराच्या अधीन’ आहे याचा फायदा घ्या आणि लिहा: नकली माल दिसल्यापासून सात दिवसांत परवानाधारक कळवेल, दावा लावायचा की नाही हे फक्त परवानादाता ठरवेल, परवानाधारक कागदपत्रं आणि साक्षीदार पुरवेल.

करार संपल्यानंतरचं सविस्तर लिहितो, कारण हमखास चुकतं ते हेच कलम.

बरेच जण लिहितात, ‘करार संपल्यावर तीन वर्षे परवानाधारक मसाल्याचा व्यवसाय करणार नाही.’ भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे ते टिकत नाही. गुजरात बॉटलिंगमध्ये मान्य झाली ती करार चालू असतानाची मनाई. नंतरसाठी लिहायची ती नावाची मनाई, धंद्याची नाही. तो मसाला विकू दे, ‘संरक्षित ओळख’ वापरता येणार नाही. रुंद व्याख्येचं मोल इथे कळतं: नाव बदललं पण तोच पिवळा-लाल पाऊच, त्याच जागी तोच मिरचीचा फोटो, हा प्रकार नुसत्या वर्डमार्कवर रोखणं अवघड जातं. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे लोगोच्या एखाद्या भागावर वेगळा हक्क मिळत नाही, म्हणून पाऊचची पुढची बाजूही स्वतंत्र चिन्ह म्हणून नोंदवायचा विचार करा.

संपण्याच्या दिवशी साठ्याचं दोघांच्या सहीने पंचनाम्यासारखं मोजमाप: तयार माल बॅचनुसार, रिकामे पाऊच, रोल, बाहेरच्या गोदामातला माल. तयार मालासाठी ६० किंवा ९० दिवसांची विक्रीमुदत, मोजलेल्या साठ्यापुरतीच, रॉयल्टी चालू. फसवणूक किंवा नापास दर्जामुळे करार मोडला असेल तर मुदत शून्य. मुदत संपत यायच्या शेवटच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांच्या विक्रीपेक्षा जास्त रोल छापायला आधीच बंदी घाला, नाहीतर विक्रीमुदतीच्या नावाखाली वर्षभराचं छापून ठेवतात. डोमेन आणि सोशल मीडियाची खाती पहिल्या दिवसापासून तुमच्याच ईमेलवर उघडा, त्यांना फक्त वापरायला द्या. कंपनीच्या नावात चिन्ह घालायला मनाई हवीच. तरी कोणी तशी कंपनी काढली तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६ खाली नोंदणीकृत मालकाला नाव बदलून मागता येतं, पण अर्ज कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. वर्षातून एकदा एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर नाव शोधत चला.

‘नाव वापरल्यास ५० लाख दंड’ अशा आकड्यावर विसंबू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं. रोजच्या सरासरी विक्रीवर नेहमीच्या दराच्या तिप्पट रॉयल्टी, असं मोजता येणारं सूत्र जास्त टिकतं. करारात काहीही असलं तरी वेळ जातोच: ऑगस्ट २०१७ मध्ये मॅकडॉनल्ड्सने उत्तर व पूर्व भारतातल्या १६९ रेस्टॉरंटचे करार संपवल्याचं जाहीर केलं आणि तो वाद मिटायला मे २०१९ उजाडला. लवाद नेमणार असाल तर ‘तातडीच्या मनाईहुकुमासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क अबाधित’ हे वाक्य विसरू नका, आणि ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ मुळे मालकाला स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावायची सोय आहे, ती इंदूरचं अधिकारक्षेत्र मान्य करून घालवू नका.

शेवटी मुद्रांक. साध्या किमान मुद्रांकावर करार उरकायचा सल्ला ऐकू नका. रॉयल्टीची रक्कम ठरलेली असेल तर शुल्क रकमेच्या प्रमाणात लागू शकतं, आणि कमी मुद्रांकाचा कागद महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ मुळे पुराव्यात घेतला जात नाही. ऐन मनाईहुकुमाच्या सुनावणीला हा अडथळा उभा राहतो. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी धरून दर लिहा, ‘३ टक्के अधिक जीएसटी’.

एडिसनकर (न्यू जर्सी)

दुकानदारांना हा करार देऊ नका. ते तुमचाच बनवलेला माल विकणार, म्हणजे ते वितरक. त्यांना नाव छापायचा परवाना कशाला? वितरण करारात ‘संरक्षित ओळखी’ची मनाई तेवढी आणा.

तुमची भारतातली नोंदणी अमेरिकेत लागू होत नाही. इथे आधी अर्ज करा आणि मालक म्हणून तुमचंच नाव ठेवा. ‘तुम्ही तिकडून कशाला त्रास घेता, मी इथून भरतो’ असं वितरक म्हणाला तरी त्याच्या नावाने होऊ देऊ नका. पुढे वितरक बदलायचा म्हटलं की कस्टम्समध्ये माल अडकवायची किल्ली त्याच्याकडे जाते. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये (एकाच अर्जाने अनेक देशांत चिन्हासाठी अर्ज करायची आंतरराष्ट्रीय व्यवस्था) आहे, त्यामुळे मुंबईच्या रजिस्ट्रीतूनच एमएम२ अर्जाने अमेरिका निवडता येते. फक्त पहिली पाच वर्षं तो अर्ज मूळ भारतीय नोंदणीवर टेकलेला असतो. ती गेली तर इथलंही जातं. म्हणून फर्म की कंपनी हा मालकीचा घोळ आधी मिटवा, मग एमएम२ भरा, कारण मूळ नोंदणीतलं आणि एमएम२ मधलं मालकाचं नाव तंतोतंत तेच लागतं.

वर्ग २९ चा अर्ज टाकणारच असाल तर तो टाकल्यापासून सहा महिन्यांत अमेरिकेचा अर्ज करा, म्हणजे लोणच्यासाठी भारतातल्या अर्जाची तारीख इथे प्राधान्य म्हणून मागता येते.